नावासकट विकलेला कारखाना

आधी नावाचं मिटवून टाकू. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण सगळे त्याला ‘मूग’ म्हणतो. रॉबर्ट मूग, सिंथेसायझरवाला. तो स्वतः मात्र ‘मोग’ म्हणे. गोव्याकडच्या वाचकांना हे ऐकून बरं वाटेल, कारण तिकडे मोग म्हणजे प्रेम. या गृहस्थाच्या बाबतीत दोन्ही उच्चार खरे ठरले. वाद्यांवर त्यानं जन्मभर मोग केला आणि मधली पंचवीस वर्षं स्वतःच्याच नावाबद्दल त्याला मूग गिळून बसावं लागलं. मी बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणं पाहण्यात उमेद घालवली, त्यामुळे असेल, पण मला ही दुसरी गोष्टच आधी दिसली.

जन्म २३ मे १९३४ चा, न्यूयॉर्कमधला. वडील वीज कंपनीत इंजिनिअर. मुलानं पियानोवादक व्हावं ही आईची हौस. मुलगा निमूटपणे पियानोवर रियाज करी, पण जीव सगळा तळघरातल्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये. चौदा-पंधराव्या वर्षी त्यानं मासिकात छापलेला आराखडा पाहून थेरेमिन जोडलं. हे एक विलक्षण वाद्य आहे. लेव तेरमेन या रशियन संशोधकानं १९२० च्या सुमारास शोधलेलं. त्याला हात लावायचाच नाही. दोन अँटेना असतात. एकीजवळ हात नेला की सूर चढतो, दुसरीजवळ नेला की आवाज बारीक होतो.

१९५४ साली, विशीत, त्यानं थेरेमिनवर स्वतःच लेख लिहिला आणि वडिलांना हाताशी धरून घरूनच विक्री सुरू केली. पुढे कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. चालू असताना, १९६१ साली, ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनचा आराखडा प्रसिद्ध केला आणि सुटे भाग खोक्यात भरून पाठवायला लागला. किंमत सुमारे पन्नास डॉलर. इथाका गावात नवरा-बायकोचं तीन खोल्यांचं बिऱ्हाड, त्यातून हजारेक खोकी गेली. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पासोड्या विठोबाजवळून भाग आणून ट्रान्झिस्टर जोडणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला किटची गोडी सांगायला नको. पण धंद्याच्या दृष्टीनंही ही मोठी हुशारी बरं का! जोडणीची मजुरी गिऱ्हाइकानं करायची, आणि वर आनंदानं पैसे मोजायचे. त्याच्या आयुष्यातला माझ्या मते सर्वांत निरोगी व्यवहार हाच.

१९६३ साली त्याची हर्बर्ट डॉइच या संगीतकाराशी गाठ पडली आणि १९६४ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून नव्या यंत्राचा पहिला नमुना उभा केला. तोवर इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे टेपचे तुकडे कापा आणि चिकटवा, नाहीतर खोलीभर यंत्रासमोर बसा. मोगनं काय केलं? आपली पेटी डोळ्यांपुढे आणा. भात्याची हवा रीडला थरथरवते. इथं हवेच्या जागी विजेचा दाब. दाब एका व्होल्टनं वाढवला की सूर एक सप्तक वर. इतका सरळ हिशेब. दुसरी करामत फिल्टरची. ‘ई’ असा सूर लावा आणि तो न सोडता ओठ मिटत ‘ऊ’वर या. सूर तोच राहतो, त्यातला झणझणीतपणा तेवढा गाळला जातो. मोगच्या फिल्टरमध्ये हेच होतं, पण इतक्या गोडव्यानं की १९६९ साली त्याला पेटंट मिळालं आणि आजही वाजवणारे त्या फिल्टरसाठीच जीव टाकतात.

१९६८ साली वेंडी कार्लोस यांची बाखच्या रचनांची तबकडी निघाली आणि मोग घरोघरी पोचला. यंत्रातून एका वेळी एकच सूर निघे, त्यामुळे एकेक ओळ वेगळी वाजवून एकावर एक चढवलेली. काय चिकाटी असेल! दुसऱ्याच वर्षी डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मोग बसवला. तिथं गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी केलेल्या टेप कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ साली तबकडीरूपानं बाहेर आल्या. आपल्या मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात मिनिमोग वाजवणारे केरसी लॉर्ड जुन्या मंडळींना आठवत असतील.

हा मिनिमोग म्हणजे कारखान्याच्या पडत्या काळातलं अपत्य. ट्रुमन्सबर्गच्या कारखान्यात बिल हेमसाथ नावाच्या इंजिनिअरनं जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ भागांतून त्याचा पहिला नमुना जोडला. १९७० साली तो बाजारात आला. भिंतभर वायरींचं जंजाळ जाऊन काखेत मारण्याजोगी पेटी झाली. पुढे दहा-अकरा वर्षांत बारा हजारांवर खपल्या.

पण तोवर फार उशीर झाला होता. बाखच्या तबकडीनंतर मागणीची लाट आली, ती दोन वर्षांत ओसरली. स्पर्धक उभे राहिले. कारखाना कर्जात. फुगलेलं ऑर्डर बुक आणि तळाला गेलेलं खेळतं भांडवल घेऊन माझ्या टेबलासमोर किती कारखानदार बसून गेले, गणती नाही. माल उत्तम असायचा. आपला माल उत्तम आहे या एका गोष्टीच्या तारणावर ते कर्ज मागायचे. मोगला धंद्याचं अंग नव्हतं, हे त्यानं पुढे मोकळेपणानं सांगितलंही. १९७१ साली कारखाना बिल वायटेना या उद्योजकाच्या हाती गेला आणि बफलोजवळ हलला. १९७३ साली नॉर्लिन कंपनीनं तो घेतला. मोग पगारी नोकर म्हणून राहिला आणि १९७७ साली बाहेर पडला.

नाव मात्र आतच राहिलं. त्याला फसवलं असं काही लिहितात, मला ते पटत नाही. सही त्याचीच होती. गुडविल विकणं म्हणजे काय, हे सही करताना कुणाला कळत नाही. आपल्या हातानं केलेल्या वाद्यावर आपलंच आडनाव लिहायची सोय नाही, हे उमगतं तेव्हा कळतं. १९७८ साली तो नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात राहायला गेला आणि ‘बिग ब्रायर’ या नावानं दुकान मांडलं. करायला काय घेतलं? तर पुन्हा थेरेमिन! मोगचं नाव लावणारी जुनी कंपनी त्याच्याविना चालली आणि ऐंशीच्या दशकात बुडाली. २००१ साली स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार या माणसाला मिळाला, तेव्हाही त्याच्या दारावरची पाटी ‘बिग ब्रायर’चीच. कज्जेदलालीनंतर २००२ साली नाव परत मिळालं. वय अडुसष्ट. उपभोगायला तीन वर्षं मिळाली. मेंदूतल्या गाठीनं २१ ऑगस्ट २००५ रोजी अ‍ॅशव्हिल इथं तो गेला.

२०१४ साली अ‍ॅशव्हिलच्या मोगफेस्टमध्ये कंपनीनं ‘वर्कश्टाट’ नावाचं छोटं किट काढलं. जर्मनमध्ये याचा अर्थ वर्कशॉप. मधल्या काळात ते बंद झालं आणि मागणीपोटी पुन्हा निघालं. मिनिमोगही २०१६ आणि २०२२ साली नव्यानं आला. २०२३ साली कंपनी, अर्थात नावासकट, आणखी एकदा विकली गेली.

ते छोटं किट माझ्या नातवानं मिळवलं. सर्किट तयार येतं, डाग द्यावा लागत नाही. पट्ट्यांच्या जागी तेरा बटणं, आणि आत तोच तो फिल्टर. तासाभरात जोडून झालं. शेवटचे दोन स्क्रू त्यानं मला आवळू दिले. पहिला आवाज निघाला तो थेट गिरणीच्या भोंग्यासारखा. आतून हिनं काय झालं म्हणून विचारलं. नातवानं फिल्टरचं बटण हळूहळू फिरवलं आणि तोच भोंगा सनईच्या अंगानं जाऊ लागला.