बाबासाहेबांची खोली

परमपूज्य बाबासाहेबांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. विहाराच्या या वर्धापनदिनी आम्ही फक्त त्यांच्या खोलीची गोष्ट सांगणार आहोत.

परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब. त्यातच चूल, त्यातच जाते. रात्री दोनला सुभेदार रामजीबाबा उठवीत आणि दिव्याच्या उजेडात अभ्यास सुरू होई. चाळीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. प्रथम हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण काही मानवेना. मग कॉस्मॉपॉलिटन क्लबात आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने राहिले.

विचार करा. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला गोणपाटावर वेगळे बसविले, तो इथे सर्वांबरोबर एका टेबलावर जेवत होता. कुणी जात विचारीत नव्हते. सुरुवातीचे काही दिवस मित्रांत, मौजेत गेले. पण आपण कशासाठी आलो हे त्यांनी ओळखले आणि मग अठरा-अठरा तास अभ्यास केला. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवर निबंध वाचला. पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं घेतली, ती दोन हजारांच्या घरात गेली.

आणि १९१७ साली बडोद्यात काय घडले? एवढ्या विद्वान माणसाला कुणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. सामान घेऊन ते कमाठी बागेत बसून राहिले. पण भथेनाही पारशीच होते, आणि १९२० साली बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा त्यांनीच पाच हजार रुपये उसने दिले. म्हणून माणसाला जमातीवरून जोखू नये.

खोलीचे मोल बाबासाहेब विसरले नाहीत. १९२५ साली त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय उभारले, तेव्हा मुलांच्या राहण्याचीही सोय केली.

आम्ही गिरणीत पाळ्या केल्या, शिकायचं राहून गेलं. पण आमच्या वस्तीतली मुलं आजही दहा बाय दहाच्या खोलीत टीव्हीच्या आवाजात परीक्षेला बसतात. तेव्हा माता-भगिनींनो आणि बंधूंनो, वंदना झाल्यावर विहाराला कुलूप कशाला? रात्री दिवा चालू ठेवा, सतरंजी अंथरा, पोरांना वाचू द्या. लाईटबिल आपण वर्गणी काढून भरू. बाबासाहेबांना अभिवादन करायचे तर असे करू या.

जयभीम!