महाकवी सुब्रह्मण्य भारती

समदर्शनाचे विवेचन करणे सोपे. धान्याचा डबा रिकामा असताना ते आचरणे कठीण. तमिळ भाषेतील राष्ट्रकवी सुब्रह्मण्य भारती यांचे चरित्र गृहस्थांनी वाचावे, ते याच कारणासाठी.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी दक्षिणेतील एट्टयपुरम या गावी झाला. बालपणीच मातेचे छत्र हरपले. अकराव्या वर्षी त्यांचे काव्यगुण पाहून तेथील दरबाराने त्यांना ‘भारती’ ही पदवी दिली. १८९७ साली चेल्लम्मा यांच्याशी विवाह झाला. पुढील वर्षी पिताही निवर्तले आणि हा तरुण काशीस आत्याच्या आश्रयास गेला. तेथे संस्कृत व हिंदी यांचा अभ्यास घडला.

१९०४ साली मद्रासच्या ‘स्वदेशमित्रन्’ पत्रात ते उपसंपादक झाले. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये त्यांनी लोकमान्य टिळकांचा पक्ष घेतला. ‘इंडिया’ या पत्रातील लेखनामुळे सरकारचा रोष ओढवताच १९०८ साली त्यांनी फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीत आश्रय घेतला.

तेथील दहा वर्षे अत्यंत दारिद्र्याची होती. पण काव्याची समृद्धीही त्याच काळातली. गीतेचे तमिळ भाषांतर त्यांनी येथेच केले. द्रौपदीच्या प्रतिज्ञेत त्यांना पराधीन भारतमातेचा आक्रोश ऐकू आला आणि ‘पांचाली शपथम्’ जन्मास आले. ‘कण्णन् पाट्टु’ या काव्यात त्यांनी श्रीकृष्णाला सखा, माता, गुरू, बालक, इतकेच नव्हे तर घरचा सेवक म्हणूनही गाइले. देव्हाऱ्यातील देव असा संसारात वावरू लागला.

ही दृष्टी शब्दांपुरती नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका तरुणाचे त्यांनी स्वतः उपनयन केले. स्वयंपाकासाठी ठेवलेले तांदूळ त्यांनी चिमण्यांना टाकल्याची आठवण घरच्यांनी सांगितली आहे. कवीला आनंद झाला. चूल कशी पेटावी ही चिंता मात्र चेल्लम्मांची होती. त्या साध्वीच्या सोसण्याविना हे चरित्र पुरे होत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ब्रिटिश हद्दीत परतताच त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते १९२० साली पुन्हा मद्रासला आले. तिरुवल्लिक्केणीच्या पार्थसारथी मंदिरातील हत्तीला ते प्रेमाने खाऊ घालीत. त्याच हत्तीने एके दिवशी त्यांना खाली पाडले. त्यातून ते सावरले. पण पुढे आजाराने सप्टेंबर १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्यांचा देहान्त झाला. अंत्ययात्रेला मोजकीच माणसे होती.

पतीच्या पश्चात चेल्लम्मांनीच त्यांची काव्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९४९ साली मद्रास सरकारने त्यांच्या लेखनाचे हक्क घेतले व पुढे ते जनतेला खुले केले. २०२२ पासून त्यांचा जन्मदिवस ‘भारतीय भाषा दिवस’ म्हणून पाळला जातो.

ज्याच्या घरी उद्याचे धान्य नव्हते, त्याची वाणी आज साऱ्या राष्ट्राचे धन झाली आहे. आपण नित्य गीता वाचतो. दारी आलेल्या जीवाला त्या वाचनातून काय मिळते, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.