फोटो सोपा करणारे जॉर्ज ईस्टमन

हल्ली मोबाईलवर कुणीही पटापट फोटो काढतं. पण सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा दिला तो जॉर्ज ईस्टमन यांनी. त्यांची हकिकत मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल गावी झाला. लहानपणीच वडील वारले. आईने घरी माणसं जेवायला-राहायला ठेवून संसार चालवला. जॉर्जनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली न् आठवड्याला ३ डॉलरवर नोकरी धरली.

पुढे ते बँकेत कारकून झाले. सहलीला जायचं म्हणून त्यांनी फोटोचं सामान घेतलं. केवढं ते ओझं! मोठा कॅमेरा, तिकाटणं, तंबू, काचा, औषधाच्या बाटल्या. काचेला औषध लावून ती ओली असतानाच फोटो काढावा लागे. सहल राहूनच गेली, पण हे ओझं कमी करायचं त्यांच्या मनाने घेतलं. दिवसा बँक, रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग. दमले की तिथेच झोपायचे. १८८० साली त्यांनी कोरड्या काचा बनवायला घेतल्या. एकदा काचा खराब निघाल्या, तर नुकसान सोसून सगळ्या बदलून दिल्या. मला हे फार आवडलं.

१८८८ साली त्यांचा कोडॅक कॅमेरा निघाला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा! १९०० साली १ डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला, तो तर मुलांसाठीच. १९३२ साली ते वारले.

फिल्मवर चांदीचे क्षार असतात. उजेड लागला की ते बदलतात, न् धुतल्यावर उलटं चित्र उमटतं. डिजिटलमध्ये उजेडाचे आकडे होतात. गंमत म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना १९७५ साली त्यांच्याच कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी बनवला. एक फोटो साठवायला २३ सेकंद लागायचे. पुढे डिजिटलमुळेच फिल्मचा धंदा बसला, न् २०१२ साली कंपनीने दिवाळं जाहीर केलं.

आमच्या बाबांचा मोबाईल विहिरीत पडला, तेव्हा ताईच्या बाळाच्या बारशाचे सगळे फोटो गेले. ताई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आजीच्या पेटीत मात्र आजोबांच्या फोटोची फिल्म अजून आहे. मूळ फोटो पावसात भिजून गेला. मी फिल्म उन्हाकडे धरली, तर आजोबांची टोपी काळी न् मिशा पांढऱ्या दिसल्या! त्यावरून नवा फोटो करून मिळतो का, ते बाबा तालुक्याला विचारून येणार आहेत.