वाटेवरची राखण

मैत्रिणींनो, पंडिता रमाबाईंचं नाव आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या, विलायतेत जाऊन ख्रिस्ती झालेल्या. एवढं पाठ केलं की शाळेतला धडा संपायचा. पण आयुष्याची शेवटची पंधराहून जास्त वर्षं या बाई केडगावला बसून काय करत होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही. कानांनी नीट ऐकू येत नव्हतं, वय उतरणीला लागलं होतं, शेकडो मुली आणि बायकांचा संसार अंगावर होता. अशा वेळी त्या हिब्रू आणि ग्रीक या दोन जुन्या भाषा शिकल्या आणि अख्खं बायबल मूळ भाषांमधून मराठीत आणायला बसल्या.

या बायबलमध्ये स्तोत्रसंहिता नावाचं एक पुस्तक आहे. ज्यू लोकांची ही फार जुनी प्रार्थनागीतं, मूळची हिब्रू भाषेतली. त्यातलं 121वं स्तोत्र अवघ्या आठ ओव्यांएवढं छोटं आहे. वर डोंगरावरच्या जेरुसलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची म्हणून जी गीतं ओळखली जातात, त्यांपैकी हे एक. वाटसरू डोंगरांकडे पाहतो आणि स्वतःलाच विचारतो, की मला मदत कुठून येणार? मग उत्तर येतं, की आकाश आणि पृथ्वी ज्यानं केली त्याच्याकडून. तो तुझा पाय घसरू देणार नाही, तो झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही. दिवसा ऊन तुला बाधणार नाही, रात्री चंद्र बाधणार नाही. तुझं जाणं आणि तुझं येणं, दोन्ही तो राखील. एवढाच त्याचा आशय.

ऐकायला किती गोड! पण रमाबाईंचं आयुष्य शेजारी ठेवून हे स्तोत्र वाचलं, की मनात प्रश्न उभा राहतो. हिला कुणी राखलं?

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858चा, सह्याद्रीच्या कर्नाटकातल्या रानातला, गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवलं, म्हणून धर्मसभेपुढं त्यांना जाब द्यावा लागला. पुढं रानातलं ते घरही सुटलं. रमा सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून गड्याच्या डोक्यावर दिलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते निघालंच. चालता चालता आई पहाटे मुलीला संस्कृत शिकवायची. देवळाच्या आवारात पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर पोट भरायचं. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचा पैसा संपला, भांडीकुंडी विकून झाली. भीक मागायची सवय नाही आणि मजुरी करायला कुणी शिकवलेलं नाही. रानातला पाला आणि फळं खाऊन दिवस काढले. 1874 साली वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण कृष्णाबाई. आईच्या वेळी खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीनं कमी, त्यामुळे तिरडी खांद्यावर घेता येईना, म्हणून तिनं ती डोक्यावर घेतली. स्मशान तीनेक मैल लांब होतं. मुलगी सोळा वर्षांची होती.

उरलेली दोघं बहीणभाऊ चालत राहिली. दक्षिणेकडून पार उत्तरेपर्यंत, सगळं मिळून चारेक हजार मैल. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी पडली, अंगावर पांघरूण नव्हतं. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात पडून मानेपर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा, दोन्ही बाधत होतं. राखणदार कुठं दिसत नव्हता.

1878 साली ही दोघं कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. आता सुखाचे दिवस आले म्हणावं, तर 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली. फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला. लग्नाला धड दोन वर्षंही झाली नव्हती. चोविशीच्या आत आई-बाप, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले, आणि कडेवर दहा महिन्यांची पोर.

त्यानंतरचं आपल्याला थोडंफार माहीत असतं. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. 1883 साली इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1886 साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला अमेरिकेत हजर राहिल्या. तिथल्या लोकांकडून मदत उभी केली आणि मार्च 1889 मध्ये मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू केलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही बालविधवा होती. पुढं त्याच धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे झाल्या. सदन पुण्याला आलं आणि 1893 साली मोठा गदारोळ झाला. मुलींना ख्रिस्ती धर्माकडं ओढलं जातं, असा आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल तेव्हा लोक रागावले, आजही त्यावर दोन मतं आहेत. ते काही नाकारता येत नाही. पण पुढं जे घडलं, ते मात्र कुणालाही नाकारता येत नाही.

1896 साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती. अनाथ, उपाशी मुली रस्त्यावर आल्या की त्यांचं काय होतं, कोण त्यांना उचलून नेतं आणि कुठं विकतं, याची त्यांना पुरती कल्पना होती. त्या स्वतः तिकडं गेल्या. सरकारी अन्नछत्रांतून आणि रस्त्यांवरून मुली आणि तरुण विधवा गोळा करून आणू लागल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. मग पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला त्यांनी शेतीसाठी जमीन घेतली होती, तिथं या मुलींना नेलं. आधी तात्पुरते निवारे होते, मग पक्क्या इमारती. हेच ते मुक्ती सदन. 1900 साली गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही मुली आल्या. तेव्हा केडगावला जवळजवळ दोन हजार जणी राहत होत्या.

इथं पुन्हा त्या छोट्या स्तोत्राकडं वळू या. हिब्रूत राखणं या अर्थाचा 'शामर' असा एक धातू आहे. राखणारा तो 'शोमेर'. आपल्याकडं शेतात माळा घालून पिकाची राखण करतात, तशी जागत केलेली राखण. त्या आठ ओव्यांत हा शब्द वेगवेगळ्या रूपांनी सहा वेळा येतो. पण हाच शब्द बायबलच्या अगदी सुरुवातीला, उत्पत्ती नावाच्या पुस्तकातही आला आहे. काइन आपल्या धाकट्या भावाला, हाबेलला, शेतात मारून टाकतो. तुझा भाऊ कुठं आहे, असं देव विचारतो. तेव्हा तो उलट विचारतो, की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तिथं हिब्रूत शब्द हाच आहे, शोमेर.

म्हणजे एकीकडं स्तोत्र म्हणतं, देव तुझा राखणदार आहे. दुसरीकडं ती गोष्ट विचारते, की तू कुणाचा राखणदार आहेस? काइननं आपल्या प्रश्नातच अंग झटकलं. रमाबाईंनी अंग झटकलं नाही. सोळाव्या वर्षी त्यांच्या घरासाठी कुणी आलं नव्हतं. अडतिसाव्या वर्षी त्या दुसऱ्यांच्या मुलींसाठी गेल्या. मला वाटतं, हिला कुणी राखलं, या वरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे.

उरलेलं अर्धं उत्तर त्यांचं त्यांनीच दिलं आहे. 1907 साली त्यांनी आपली कहाणी लिहिली. मागं वळून पाहताना त्यांना आपला सगळा प्रवास देवाच्या हाताखाली झालेला दिसला. आपण त्याला ओळखत नव्हतो तेव्हाही तो नेत होता, अशी त्यांची श्रद्धा होती. ही श्रद्धा ज्याची त्यानं मानावी. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ते स्तोत्र घरात बसलेल्या माणसाचं नाही, चालणाऱ्याचं आहे. चढण आहे, ऊन आहे, पाय घसरण्याचा धोका आहे. वाट सोपी होईल, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. वाटेवर तू एकटा नाहीस, एवढंच म्हटलं आहे.

आता भाषांतराची गोष्ट. मराठीत बायबल त्याआधीच छापलेलं होतं. पण त्याची भाषा संस्कृत शब्दांनी जड झालेली होती. केडगावच्या मुली दुष्काळातून आलेल्या, खेड्यापाड्यांतल्या. त्यांना ते समजेना. रमाबाईंना संस्कृतचं काय कमी होतं? सगळं आयुष्य संस्कृतच्या मांडीवर गेलेलं. त्याच बाईंनी हट्ट धरला, की साध्या बाईला वाचून कळेल अशाच मराठीत हे लिहायचं. नुसत्या इंग्रजीवरून काम भागवायचं नाही, मूळ शब्दच पाहायचा, म्हणून हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास. विद्वत्तेनं मिळालेलं सगळं त्यांनी सोपं लिहिण्यासाठी खर्च केलं.

आणि ते छापलं कुणी? मुक्ती सदनातल्याच मुलींनी. तिथं स्वतःचा छापखाना होता. एकेक शिशाचा खिळा उचलून जुळणी करायची, प्रुफं काढायची, यंत्र चालवायचं, पुस्तकं बांधायची, हे सगळं बायका करत. कुणी मागावर कापड विणे, कुणी शेतात राबे, कुणी गाईगुरांचं बघे. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवत. ज्या पोरींच्या हातात एके काळी भिकेचं भांडं होतं, त्यांच्या बोटांनी हे हजारो ओळींचं पुस्तक उभं राहत होतं.

त्या स्तोत्रातला आणखी एक शब्द सांगते, तो खास आपल्यासाठी. मदत कुठून येईल, असं वाटसरू विचारतो, तिथं मदतीला 'एझेर' हा शब्द आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या पुरुषासाठी स्त्री निर्माण केली, तेव्हा तिलाही एझेर हाच शब्द वापरलेला आहे. आपण त्याचा अर्थ हाताखालची मदतनीस असा घेतो. पण हिब्रूत हाच शब्द बऱ्याचदा खुद्द देवाच्या मदतीसाठी येतो. संकटात धावून येणारं बळ असा त्याचा भाव आहे. दोन हजार जणींना आधार देणाऱ्या बाईच्या टेबलावर हा शब्द होता, एवढं नुसतं मनात आणून बघा.

शेवटचा घाव मात्र चुकला नाही. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. कडेवर घेऊन पुण्यात आणलेली, पुढं आईचा उजवा हात झालेली एकुलती एक लेक. आपल्यामागं सगळं तीच सांभाळील, असं धरलेलं होतं. रमाबाई त्यानंतर जेमतेम साडेआठ महिने जगल्या. त्या महिन्यांतही त्या भाषांतराची प्रुफं तपासत होत्या. काम हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. संपूर्ण छापील बायबल 1924 साली बाहेर आलं. ते त्यांना पाहायला मिळालं नाही. 1989 साली भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. केडगावची संस्था आजही चालू आहे.

घराबाहेर पडताना आपण जाते म्हणत नाही, येते म्हणतो. जाण्यातच परत येणं गुंफून ठेवायची आपली जुनी रीत. त्या हिब्रू स्तोत्राच्या शेवटच्या ओवीतही जाणं आणि येणं असं जोडीनंच आलं आहे. रमाबाईंना परत यायला घर असं कधी उरलंच नाही. म्हणून की काय, त्यांनी एक असं घर बांधलं, जिथं दुसऱ्या कुणाला तरी येते म्हणता यावं. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात अशी एखादी असतेच, जिच्यासाठी कुणी जागत नाही. या आठवड्यात तिच्या दारावरून जाताना नुसतं पुढं जाऊ नका. आत डोकावून, कशी आहेस, एवढं तरी विचारा.