चित्रकार धुरंधर आणि त्यांचे दुसरे कलामंदिर

कलावंतास प्रशस्त जागा, निवांत वेळ आणि एकांत लाभला तरच त्याच्या हातून मोठे कार्य घडते, असा पुष्कळांचा समज असतो. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे चरित्र पाहिले म्हणजे हा समज ढळू लागतो.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स त्या वेळी तेथे प्रमुख होते. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांस मिळाले आणि १८९६ साली ते त्याच शाळेत शिक्षक झाले. पुढे १९३० साली शाळेच्या संचालकपदाची धुरा सांभाळण्याचा मान त्यांस लाभला. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९३१ साली ते निवृत्त झाले. या कालखंडाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या ग्रंथात लिहून ठेविल्या आहेत.

हे कलामंदिर म्हणजे त्यांची शाळा. परंतु त्यांचे दुसरे एक कलामंदिर होते, आणि ते म्हणजे त्यांचे घर. शिक्षकाचा दिवस शाळेचा असतो. स्वतःच्या चित्रांसाठी उरते ती सकाळ, संध्याकाळ आणि सुटी. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकाची चित्रे १९१२ सालची, तर किंकेड यांच्या दख्खनी कहाण्यांची १९१४ सालची. १९२० साली निघालेल्या रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी ४८ रंगीत चित्रे काढली. त्यांत आपल्या गुजरातच्या स्त्रियाही आहेत. यांखेरीज पोस्टकार्डे आणि पौराणिक प्रसंग निराळेच. नोकरी सांभाळून एवढे काम उरकावयाचे, तर घरात शिस्त हवी. शाळेत घंटा वाजते आणि आपण कामास लागतो. घरी ती घंटा आपल्या मनातच वाजावी लागते. धुरंधरांस रोजनिशी लिहिण्याची सवय होती, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

घरात एकांत कोठून असणार? माणसांचा वावर, सणवार, लग्नकार्ये हे सारे चालूच असते. धुरंधरांनी ही अडचण मानली नाही. तिचेच चित्र केले. नऊवारी लुगड्याचा घोळ, अंगावरील दागिने, लग्नघरातील लगबग त्यांच्या चित्रांत इतकी खरी उतरते, कारण ती त्यांच्या रोजच्या पाहण्यातील होती.

या घराचे खरे फळ म्हणजे त्यांची कन्या अंबिका. १९१२ साली जन्मलेली ही मुलगी वडिलांचे काम पाहत वाढली, त्याच कलाशाळेत शिकली आणि १९३१ साली पदविका मिळवून स्वतः चित्रकार झाली. मुलींनी चित्रकला शिकणे त्या काळी विरळाच होते. १ जून १९४४ रोजी धुरंधर निवर्तले. त्यानंतर खार येथील ‘अंबासदन’ या घरी वडिलांची चित्रे अंबिकाबाईंनी दीर्घकाळ जपली. त्या २००९ साली वारल्या. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. घरात जपलेला ठेवा असा सर्वांचा झाला.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या गोडादऱ्यात घर आणि काम एकाच खोलीत नांदताना आम्ही पाहतो. कोठे आई साड्यांना लेस लावीत बसलेली असते, आणि तिच्याच शेजारी वही उघडून मूल अभ्यास करीत असते. जागा अपुरी म्हणून चित्रकलेची वही मिटून ठेवू नका. तसेच घरी बसून केलेले काम हलके, असेही मानू नका. धुरंधरांच्या घरी लहानग्या अंबिकेने पाहिले ते वडिलांचे नित्याचे कामच. तुमच्या घरीही असे काम रोज चालते. ते डोळे उघडे ठेवून पाहा, एवढेच आमचे सांगणे.