अवघं ४७ वर्षांचं आयुष्य

शाहू महाराज म्हटलं की आपल्याला आठवतो तो धिप्पाड देह आणि दसरा चौकातला पुतळा. पण महाराज गेले तेव्हा त्यांचं वय काय होतं? फक्त ४७!

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ मध्ये ते दत्तक आले, शाहू छत्रपती झाले. १८९४ मध्ये, म्हणजे आपण एस.वाय.ला असतो त्या वयात, राज्यकारभार हाती आला. पुढची २८ वर्षं त्यांनी उसंत घेतली नाही. १९०१ पासून बोर्डिंगं, १९०२ मध्ये मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा, १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण. स्वतः कुस्तीत रमणाऱ्या या राजाने १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. १९१८ मध्ये धाकटे पुत्र शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेले. त्या दुःखातही काम चालूच राहिलं. १९२० मध्ये माणगाव परिषदेत ते डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले.

६ मे १९२२ ला मुंबईत हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

त्या काळी हृदयाचा आजार आधी ओळखणं जवळपास अशक्यच होतं. ईसीजीचं यंत्र निघालं होतं, पण ते मोजक्या ठिकाणी. हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर वर्षानुवर्षं गुपचूप साचतात, तगडा गडीही त्यातून सुटत नाही.

आज रक्तातलं ट्रोपोनिन हृदयाला इजा झाल्याचं सांगतं, पण इजा झाल्यावर. त्याआधीच चाहूल लागावी म्हणून संशोधक मायक्रोआरएनए तपासतायत. जनुकांना लगाम घालणारे हे इवलेसे तुकडे रक्तातही सापडतात. धमन्यांचा विकार असलेल्यांच्या रक्तात १२६ क्रमांकाच्या मायक्रोआरएनएसारखे काही तुकडे कमी असतात, असं २०१० मध्ये फ्रँकफर्टच्या संशोधकांना दिसलं. मात्र सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत, त्यामुळे ही टेस्ट अजून रोजच्या वापरात आलेली नाही.

स्मृतिशताब्दीला, ६ मे २०२२ रोजी, अख्खं कोल्हापूर १०० सेकंद जागेवर थांबलं होतं. आपल्या घरातही पंचेचाळिशी ओलांडलेलं कुणीतरी असतंच. मला काय धाड भरलीया म्हणत ते तपासणी टाळत असतील, तर बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलसाठी त्यांना या आठवड्यातच घेऊन जा. या तपासण्या आज गल्लीतल्या लॅबमध्येही होतात.