बर्फाखालची ऊब मोजणारा नान्सेन

ध्रुवाच्या वाटेवर बर्फात अडकलेले जहाज आज ना उद्या चिरडले जाणार, हे एकोणिसाव्या शतकातील दर्यावर्दींचे तोंडपाठ गणित होते. २२ सप्टेंबर १८९३ रोजी सैबेरियाच्या उत्तरेस 'फ्राम' हे तीन डोलकाठ्यांचे नॉर्वेजियन जहाज असेच बर्फात सापडले. त्यावरील तेरा जणांनी मात्र सुटकेची धडपड केली नाही. सुकाणू वर उचलून घेतले गेले, इंजिन सुटे करून नीट तेल लावून ठेवले गेले, डेकवर पवनचक्की उभी राहिली आणि तिच्या विजेवर केबिनमधले दिवे लागले. अडकून पडणे हाच या मोहिमेचा बेत होता. तो आखणारा फ्रित्योफ नान्सेन तेव्हा अवघा ३१ वर्षांचा होता.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोजवळ झाला. वडील वकील आणि शिस्तीचे कडक. आई उमराव घराण्यातली, पण बर्फावर स्की घालून भटकण्याची आवड मुलांना लागली ती तिच्यामुळे. विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र निवडले आणि १८८२ च्या मार्चमध्ये, विसाव्या वर्षी, सीलची शिकार करणाऱ्या 'वायकिंग' जहाजावरून तो ग्रीनलंडच्या समुद्रात गेला. जायचे होते सागरी जीवांच्या अभ्यासासाठी. त्या उन्हाळ्यात जहाज ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या बर्फात २४ दिवस अडकले. खलाशी वैतागले. नान्सेन तापमापी पाण्यात सोडत बसला आणि बर्फ धरतो कसा, याची चित्रे काढत राहिला. समुद्राचे बर्फ खोल पाण्यात तयार होऊन वर येते, असा तेव्हा अनेकांचा समज होता. ते पृष्ठभागावरच धरते, हे त्याच्या नोंदींत दिसले. वरच्या थंड थराखालून गल्फ स्ट्रीमचे उबदार पाणी वाहते, हेही त्याच नोंदींतून पुढे आले. पुढच्या सगळ्या आयुष्याचे बीज त्या २४ दिवसांत आहे.

परतल्यावर बर्गेनच्या संग्रहालयात नोकरी, मज्जासंस्थेवरील प्रबंध आणि १८८८ मध्ये डॉक्टरेट. ती मिळाल्यावर चारच दिवसांनी तो ग्रीनलंड ओलांडायला निघाला. पाच सोबत्यांसह, स्कीवरून, निर्जन पूर्व किनाऱ्याकडून वस्तीच्या पश्चिम किनाऱ्याकडे. मागे फिरण्याची वाटच उरू नये म्हणून मुद्दाम निवडलेली ही दिशा त्याच्या स्वभावाबद्दल बरेच सांगून जाते. उणे ४५ अंशांपर्यंतची थंडी सोसून ही तुकडी पलीकडे पोहोचली आणि १८८९ मध्ये परतलेला नान्सेन देशाचा लाडका झाला. त्याच वर्षी गायिका एवा सार्स हिच्याशी त्याचा विवाह झाला.

'फ्राम'ची कल्पना मात्र त्याआधीपासून डोक्यात घोळत होती. 'जॅनेट' हे अमेरिकन जहाज १८८१ मध्ये न्यू सैबेरियन बेटांजवळ बर्फाने चिरडून बुडाले होते. तीन वर्षांनी त्याचे काही अवशेष थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लागले. हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन याने त्यावरून अनुमान काढले की, ध्रुवसमुद्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवाह असला पाहिजे. नान्सेनने ते वाचले आणि एक पाऊल पुढे टाकले. प्रवाह अवशेष नेतो, तर जहाजही नेईल. जहाज मात्र असे हवे की चहूबाजूंनी दाब आला असता ते चिरडण्याऐवजी वर उचलले जाईल.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत १८९२ मध्ये हा बेत मांडला गेला, तेव्हा ध्रुवप्रदेशातील नावाजलेल्यांनी तो धुडकावला. नॉर्वेच्या संसदेने पैसे दिले. जहाजबांधणीतला जाणकार कॉलिन आर्चर याने लार्विक येथे 'फ्राम' बांधले. ३९ मीटर लांब, तब्बल ११ मीटर रुंद, पोटाकडे गोलसर. खुल्या समुद्रात ते भयंकर हेलकावे खाई. बर्फात मात्र ते ठरल्याप्रमाणे वागले. हिवाळ्यात चहूकडून बर्फ गर्जत चालून येई, आणि जहाज कुरकुरत थोडे वर उचलले जाई.

पहिले काही महिने सगळे उलटेच घडले. बर्फाबरोबर जहाज उत्तरेऐवजी भरकटत राहिले आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर तर अडकले होते त्याहून दक्षिणेला गेले. १८९४ च्या जानेवारीअखेर दिशा सुधारली, पण वेग असा की ध्रुव गाठायला वर्षांमागून वर्षे जावीत. स्वतः नान्सेन या दिवसांत खिन्न आणि चिडचिडा झाला होता. सोबत्यांनाही त्याचा जाच झाला. काम मात्र थांबले नाही. सिगुर्ड स्कॉट हान्सेनच्या देखरेखीखाली दर चार तासांनी हवामानाची नोंद होई. बर्फात पाडलेल्या भोकातून दोरी आत जाई, तापमापी आणि पाण्याचा नमुना वर येई, आणि तोवर भोकावर पुन्हा साय धरलेली असे.

या भोकाने पहिला धक्का दिला तो खोलीचा. ध्रुवसमुद्र उथळ असावा, असे सारेच मानत होते. नान्सेनही मानत होता. त्याने नेलेली मोजमापाची दोरी तळाला पोहोचेचना. अखेर जहाजावरचा एक पोलादी दोरखंड उलगडून त्याच्या तारांची नवी लांब दोरी करण्यात आली. आकडा आला साडेतीन हजार मीटरच्याही पुढचा. बर्फाखाली खराखुरा महासागर होता.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती. बर्फालगतचे पाणी शून्याखाली दीड-दोन अंशांवर, गोठण्याच्या बेतात. दोनशे मीटरच्या सुमारास खाली गेले की पारा वर चढू लागे आणि शून्य ओलांडी. सुमारे आठशे-नऊशे मीटरनंतर तो पुन्हा शून्याखाली उतरे. दोन थंड थरांच्या मध्ये उबदार पाण्याचा जाड पट्टा होता. हे पाणी अटलांटिकमधून आलेले होते. ते अधिक खारट, म्हणून अधिक जड. सैबेरियातील प्रचंड नद्यांचे गोडे पाणी मिसळून हलका झालेला थंड थर त्याच्यावर झाकणासारखा पसरलेला होता. हे झाकण होते म्हणून खालची उष्णता बर्फापर्यंत पोहोचत नव्हती. ध्रुवसमुद्राचे गोठलेपण केवळ थंडीवर नव्हे, तर पाण्याच्या क्षारतेवरही अवलंबून आहे, ही त्या काळी अगदी नवी गोष्ट होती.

आणखी दोन निरीक्षणांनी पुढे शास्त्रात आपापली जागा मिळवली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता २० ते ४० अंश उजवीकडे वळते, हे नान्सेनच्या ध्यानात आले. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा हा परिणाम असावा, अशी त्याची अटकळ होती. स्वीडनच्या वाग्न वालफ्रिड एकमनने विसाव्या शतकाच्या आरंभी ती गणिताने सिद्ध केली आणि सागरी प्रवाहांच्या अभ्यासाचा तो पाया ठरला. तसेच, बर्फात अडकण्यापूर्वी सैबेरियाच्या किनाऱ्यालगत 'फ्राम' एकाएकी चिखलात रुतल्यासारखे मंदावले होते. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर उठणाऱ्या, वरून न दिसणाऱ्या लाटा जहाजाची शक्ती खातात, हा त्याचा उलगडाही एकमननेच १९०४ मध्ये केला.

यानंतर घडले ते जगाला अधिक ठाऊक आहे. प्रवाह ध्रुवावर नेणार नाही हे स्पष्ट होताच नान्सेनने जहाज सोडले. १४ मार्च १८९५ रोजी याल्मार योहान्सेन, २८ कुत्रे, तीन घसरगाड्या आणि दोन कयाक घेऊन तो पायी निघाला. घामाने भिजलेले कपडे अंगावरच चिलखतासारखे गोठत. पुढे सरकावे तर पायाखालचे बर्फच दक्षिणेकडे वाहत असे. एप्रिलमध्ये ८६ अंश १३ मिनिटांवर, तोवर कोणीही न गाठलेल्या उत्तर अक्षांशावर, त्यांनी माघार घेतली. फ्रान्झ जोसेफ लँडच्या एका बेटावर दगड आणि वालरसच्या कातड्यांच्या खोपटात दोघांनी जवळजवळ आठ महिने काढले. अस्वल आणि वालरस यांच्या मांसावर दोघांची वजनेही वाढली. एकाच झोपण्याच्या पिशवीत शिरणारे हे दोघे एकमेकांना अहो-जाहो करीत होते. १८९५ च्या अखेरच्या रात्री कुठे नान्सेन अरे-तुरेवर आला. पुढल्या जूनमध्ये दोन्ही कयाक बर्फाच्या कडेवरून सुटून वाहून जाऊ लागले, तेव्हा त्याने गोठत्या पाण्यात उडी घेऊन ते परत आणले. ते गेले असते तर सारेच संपले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १७ जून १८९६ रोजी, ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक जॅक्सनशी त्यांची अनपेक्षित गाठ पडली.

दोघे १३ ऑगस्ट १८९६ रोजी नॉर्वेच्या वार्डो बंदरात उतरले. त्याच दिवशी ऑटो स्वेर्ड्रुपच्या हाताखालील 'फ्राम' स्पिट्सबर्गेनजवळ बर्फातून मोकळे झाले. तेराही जण जिवंत परतले. गंमत अशी, की जहाज स्वस्थ वाहत वाहत ८६ अंशांच्या अगदी जवळ पोहोचले होते. नान्सेनने जिवावर उदार होऊन गाठलेल्या बिंदूपेक्षा ते अक्षांशाच्या हिशेबाने जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर कमी पडले. पायपिटीने कीर्ती दिली. ज्ञान मात्र जहाजावरच्या नोंदवह्यांत साठत गेले होते.

नान्सेनला याची जाणीव असावी. परतल्यावर त्याने या आकड्यांवर वर्षानुवर्षे काम केले आणि त्यांतील चुकाही त्यालाच अधिक बोचल्या. खोल पाण्याचा नमुना वर येईतो त्याचे तापमान बदलते, क्षारतेचे आकडे पुरेसे अचूक नसतात, आणि समुद्रात तर अंशाच्या शंभराव्या भागालाही किंमत असते. १९०२ मध्ये समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिची ख्रिस्तियानियातील मध्यवर्ती प्रयोगशाळा १९०८ पर्यंत नान्सेनकडे होती. तेथे त्याने उपकरणे सुधारण्याचा ध्यासच घेतला. 'नान्सेन बाटली' ही त्या ध्यासाची देणगी. दोन्ही तोंडे उघडी असलेली धातूची नळी तारेवरून खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर थांबवायची आणि वरून त्याच तारेवर एक छोटे वजन सोडायचे. ते आदळताच नळी उलटते, तिची तोंडे बंद होतात आणि जोडलेल्या तापमापीतील पारा तुटून त्या खोलीचे तापमान जसेच्या तसे धरून ठेवतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणे येईपर्यंत, म्हणजे सुमारे १९७० च्या दशकापर्यंत, जगभरच्या संशोधन जहाजांवर हीच बाटली होती.

नॉर्वेच्या लोकांना मात्र एक साधा प्रश्न पडे. उत्तर टोकाचे हामरफेस्ट बंदर भर हिवाळ्यात मोकळे राहते, मग त्याच्या कितीतरी दक्षिणेचा बोथनियाचा आखात का गोठतो? आणि एखादा हिवाळा सौम्य, तर दुसरा जीवघेणा का? नान्सेन आणि ब्यॉर्न हेलान-हान्सेन यांनी सोगनेफ्योर्डसमोरच्या समुद्रात वर्षामागून वर्षे त्याच रेषेवर तापमान मोजले. त्यांचा 'द नॉर्वेजियन सी' हा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. किनाऱ्यालगत येणाऱ्या अटलांटिक पाण्याची उष्णता दरवर्षी सारखी नसते. तिच्या चढउताराशी नॉर्वेचा हिवाळा, मासळी, पिके आणि पुढच्या काळातले बॅरेंट्स समुद्रातील बर्फ यांचा संबंध दिसतो, असे त्यांनी दाखवले. समुद्राचे तापमान पाहून येणाऱ्या बर्फाचा अंदाज बांधता येईल का, हा प्रश्न त्यांनी आकड्यांनिशी उभा केला.

या मधल्या काळात राजकारणाने त्याला ओढून नेले. स्वीडनपासून १९०५ मध्ये वेगळ्या झालेल्या नॉर्वेचा तो लंडनमधील पहिला राजदूत. १९०७ च्या डिसेंबरात एवा आजारी असल्याचे कळून तो घरी निघाला, पण वाटेतच तिच्या मृत्यूची बातमी आली. पुढल्या वर्षी पद सोडून तो सागरशास्त्राचा प्राध्यापक झाला. दक्षिण ध्रुवाचे त्याचे स्वतःचे स्वप्न होते. 'फ्राम' त्याने रोआल्ड अ‍ॅमुंडसेनला दिले आणि ते जहाज १९११ च्या आरंभी अंटार्क्टिकाला पोहोचले, ते नान्सेनशिवाय.

हेलान-हान्सेनबरोबरचे काम त्याने सोडले नाही. युरोप-न्यूयॉर्क मार्गावरील जहाजांच्या नोंदवह्यांतून ऐन हिवाळ्यातले, फेब्रुवारी-मार्चचे, समुद्राचे तापमान वर्षानुवर्षांच्या हिशेबाने दोघांनी पडताळले. त्याचे इंग्रजी पुस्तक १९२० मध्ये आले. वरच्या पाण्यातील अशा चढउतारांमागे मुख्यतः वारे असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण १९२० नंतरचा नान्सेन प्रयोगशाळेत फारसा दिसत नाही. राष्ट्रसंघाच्या वतीने त्याने सव्वाचार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचवले, रशियातील दुष्काळग्रस्तांसाठी दारोदार मदत मागितली, आणि देशच न उरलेल्या निर्वासितांना 'नान्सेन पासपोर्ट' मिळवून दिला. १९२२ चे शांततेचे नोबेल त्याला मिळाले. १३ मे १९३० रोजी लिसाकर येथील राहत्या घरी त्याचे निधन झाले. अंत्यविधी १७ मे रोजी, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी झाला.

त्याने मोजलेला उबदार थर मात्र अजून चर्चेत आहे. 'तारा' हे जहाज २००६ मध्ये 'फ्राम'सारखेच मुद्दाम बर्फात अडकवले गेले. 'फ्राम'ला जवळपास तीन वर्षे लागली होती, 'तारा' सोळा-सतरा महिन्यांत बाहेर आले. बर्फ पातळ आणि चपळ झाले होते. २०१९-२० मध्ये जर्मनीच्या 'पोलारस्टर्न'ने हाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर केला. एकविसाव्या शतकात आर्क्टिकच्या पूर्व युरेशियन भागात ते अटलांटिक पाणी वर सरकत असल्याचे आणि नान्सेनने ओळखलेले झाकण विरळ होत असल्याचे संशोधकांना आढळले.

स्पिट्सबर्गेनच्या काँग्सफ्योर्डेन या खाडीतही अटलांटिकचे हे पाणी शिरते. तेथे जुलै २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी सुमारे १९० मीटर खोल पाण्यात तापमान आणि क्षारता मोजणाऱ्या उपकरणांची साखळी उभी केली. तिचे काम पाहणारी संस्था गोव्यात, वास्कोला आहे.